मांजरपाटावर काढलेला पाय

आधी हमीदाखालांचं नाव घेते, मग माझं दुखणं सांगते.

हमीदाखाला म्हणजे आमच्या वेशीजवळच्या रंगारीणबाई. लुगडी-पागोटी रंगवून देतात, मोहरमच्या ताबुतांचे कागदही त्याच रंगवतात. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी पिवळे. हाताचा मूळ रंग कोणता ते गावात कुणी पाहिलं नसेल. आज मी डोक्यावर घागर घेऊन चढ चढते ती त्यांच्यामुळे. डाक्तरसाहेबांमुळेही, घरच्या माणसांमुळेही. त्यांचं पुढे येईलच. पण पहिलं नाव खालांचं.

मी इंग्रजी मुलखातली, सिन्नरच्या बाजूची. तिसरीतून शाळा सुटली, लग्न लागलं, आणि मोठी झाल्यावर इकडे मोगलाईत, निजामाच्या राज्यात, गेवराईच्या बाजूला गंगेकाठच्या गावात नांदायला आले. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. माहेर इतकं लांब की निरोप धाडायचा तर तिकडे जाणारं माणूस भेटायची वाट बघावी लागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, जोडाक्षरं चुकतात. तरी लिहिते, कारण आमच्या गल्लीतल्या एका नव्या सुनेला नारू झाला आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडते आणि कुणाशी बोलत नाही. मीही तशीच पडले होते. हे मी तिला वाचून दाखवणार आहे. आणखी कुणाच्या घरात असं कुणी पडलेलं असेल तर ज्याला वाचता येतं त्यानं वाचून दाखवावं.

फोड

उजव्या पोटरीवर, गुडघ्याच्या जरा खाली, एक फोड आला. मला वाटलं, चुलीतली ठिणगी उडाली असेल. पण आग थांबेना. रांजणातलं पाणी ओतलं की बरं वाटायचं, पाणी ओघळलं की पुन्हा निखारा.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी लुगडं वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "नारू हाय. बारवेचं पाणी लागलं तुला." म्हशीनं दूध कमी दिलं असं सांगावं तसं सांगितलं. इथे घरोघरी होतो तो. माझ्या माहेरी मी कुणाला झालेला पाहिला नव्हता. दोन दिवसांत फोड फुटला आणि आतून एक पांढरं टोक बाहेर आलं. शेवयासारखं. ते हलत होतं. माझ्या अंगात, माझ्या पायात, काहीतरी जिवंत आहे आणि ते माझं नाही, हे बघून मी अशी किंचाळले की शेजारच्या गोठ्यातली वासरं दचकली. अजूनही मला शेवयांची खीर घशाखाली उतरत नाही.

गणपत न्हावी आला. नारूचं टोक त्यानं एका काडीला अडकवलं आणि काडी हळूच फिरवली. रोज असंच, बोटभर बाहेर आला की थांबायचं, काडी तिथेच फडक्यानं बांधून ठेवायची. "वैनी, घाई करू नगा," तो म्हणाला. "तुटला की मंग माझ्या हातात काई न्हाई."

आणि आत्याबाईंनी माझ्या गुडघ्याखाली उशी दिली. घरात मऊ अशी ती एकच उशी होती, त्यांच्या स्वतःच्या डोक्याखालची. आमच्याकडे समज असा की पाय लांब केला तर नारूला वाट सरळ होते आणि तो वर चढतो, पोटात जातो. पाय वाकडा असला की तो वळणावर अडतो. म्हणून नारूवाल्याचा पाय वाकवून, खाली उशी देऊन, वरून धोतराच्या फाळक्यानं बांधून ठेवायचा. गावात सगळे तसंच करतात. आत्याबाई दिवसातून कितीदा तरी येऊन उशी सारखी करायच्या. "दुखतं का गं? जरा वर घेऊ?" त्या उशी वर घ्यायच्या आणि मला खरंच बरं वाटायचं.

एका सकाळी नारू तुटला. कुणाची चूक नव्हती. गणपतनं काडी फिरवली, काडी एकदम हलकी झाली. तो काडीकडे बघत राहिला. मग ती खाली ठेवून दोन्ही हात डोक्याला लावून उंबऱ्यात बसला.

त्यानंतर पाय भोपळ्यासारखा सुजला. ताप चढला. लेप झाले, अंगारे झाले, नारायणगडाला नवस बोलून झाला. उशी तशीच होती.

बीडचा दवाखाना

शेवटी ह्यांनी गाडी जुंपली. सुगी तोंडावर आलेली, आत्याबाईंना जनावरं सोडता येईनात. घरात दुसरी बाई नाही. मी गाडीत आडवी, हे पुढे, आणि माझ्यासोबत कोण जाणार हा प्रश्न. वेशीतून गाडी निघाली तर हमीदाखाला काखेत गाठोडं घेऊन उभ्या.

"सरक गे बेटी," म्हणाल्या आणि चढल्या.

हे म्हणाले, "खाला, तुमी कुटं?"

"तो सायब हैदराबादचा हाय म्हनं. तुमचं बोलनं त्याला समजंल का? पोरीचं डोकं दुखतंय म्हनला तर पाय कापंल. हाक गाडी."

माझी आणि त्यांची ओळख किती, तर लुगडं रंगवायला दिलं होतं तेवढी.

डाक्तरसाहेब तरुण होते. त्यांनी आधी फडकं सोडलं, मग उशी काढून बाजूला ठेवली आणि माझ्या टाचेला धरून पाय खाली दाबला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. ह्यांना आठवतं, पण ते सांगत नाहीत.

"ये तकिया किसने रखा?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. खालांनी उत्तर दिलं, बरंच काही समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग बोलले ते खालांनी आम्हाला सांगितलं. पू काढता येईल. जीवाला आता धोका दिसत नाही. पण पाय फार दिवस वाकडा राहिला, गुडघा धरला आहे. रोज थोडा थोडा सरळ झाला तर होईल. नाही झाला तर असाच राहील.

"असाच म्हंजी?" ह्यांनी विचारलं.

साहेबांना ते न सांगता कळलं. त्यांनी आपला हात कोपरात वाकवून दाखवला आणि तसाच धरून ठेवला.

ह्यांना सुगीसाठी परतावं लागलं. जाताना म्हणाले, "ज्वारी खळ्यावर पडली की येतो." माझ्याकडे बघून नाही, खाटेच्या पायाकडे बघून. त्या दिवसापासून मी दारातली पावलं ऐकायला लागले.

तिथले दिवस

बायकांची खोली वेगळी, दाराला गोणपाटाचा पडदा. सकाळी घंटा व्हायची. मग कंपौंडर औषधाच्या पाण्याचं घमेलं घेऊन यायचा. त्या पाण्याचा वास आला की मी खाटेची कड घट्ट पकडायचे, कारण जखम धुऊन झाली की गुडघा दाबायची पाळी. मी पदराचा बोळा तोंडात धरायचे. कंपौंडर भला माणूस, पण तोही शेवटी म्हणायचा, "बाई, तुम्ही पाय असा आवळून धरला तर मी काय करू?" मी मुद्दाम धरत नव्हते. हात जवळ आला की पायच आपोआप आक्रसायचा. माझा पाय माझं ऐकत नव्हता.

दुपारी एक ब्राह्मणबाई वरणभात वाढून जायच्या. खाला अंगणात तीन दगडांवर आपली भाकरी भाजायच्या, आपल्या लोट्यानं पाणी प्यायच्या आणि माझ्या खाटेखाली फरशीवर निजायच्या. म्हाताऱ्या माणसाला फरशी किती लागते ते आता मला कळतं. तेव्हा मला फक्त माझा पाय दिसत होता.

भीती कसली नव्हती? पाय असाच राहिला तर पाणी कोण आणणार, शेतात भाकरी कोण नेणार, गोठा कोण झाडणार, मूल झालं तर त्याच्यामागे धावणार कोण. लंगडी सून घरात कुणाला हवी? मला माहेरी पोचवतील. माहेरी भाऊ-भावजय आहेत, आई नाही. हेच मी सकाळपासून दिवे लागेपर्यंत घोळवायचे. एक संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

रंग

खालांच्या गाठोड्यात काय होतं ते एका दुपारी कळलं. पणत्या, रंगाच्या पुरचुंड्या, आणि बाजारात साखर बांधून देतात तो जाड करडा कागद. रिकामं बसवत नाही म्हणून त्यांनी बरोबर घेतलं होतं. त्यांनी कागद चौकोनी फाडले, मध्ये सुईदोऱ्यानं टाचले आणि ती वही माझ्या मांडीवर ठेवली.

"लिही."

"काय लिहू?"

"आज काय झालं ते."

"रोज तेच होतं, खाला. आणि माझं अक्षर…"

"मंग चितार. दारात रांगोळी काढती का न्हाई?"

ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण मलाही येत नव्हतं. रंग विकत आणावे लागत नाहीत. तांबडा गेरूचा, पिवळा पेवडीचा, निळा निळीचा, काळा दिव्याच्या काजळीचा. बाभळीचा डिंक आदल्या दिवशी पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि त्यात रंग बोटानं घोटायचा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. कुंचला शिंदीच्या काडीचा. काडीचं टोक दगडानं ठेचायचं, आतले धागे सुटे झाले की झाला कुंचला. एका रंगाला एक काडी ठेवावी, नाहीतर सगळंच शेणासारखं दिसतं. माझी सुरुवातीची काही पानं तशीच आहेत.

आणि कुंचल्याचं टोक ओठानं ओलं करू नका. मी शेंदुरात बुडवलेली काडी तोंडात घालायला गेले तर खालांनी हातावर चापट मारली. "ते इख हाय! पोटात गेलं तर आवाज बसतो. मंग रडशील कशी?"

पहिल्या दिवशी मी काजळीनं एक जाड वळवळती रेघ काढली. पानभर.

"हे काय?"

"नारू."

खालांनी पान लांब धरून पाहिलं. "लई मोठा केलास. बैल बांधता यील त्याला."

मी हसले. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा. पलीकडच्या खाटेवरची बाईही हसली आणि मग आपली टाके घातलेली कूस धरून खालांना शिव्या द्यायला लागली.

रोज एक पान. ताप आला की तांबडं. ह्यांची आठवण आली तर पिवळी ज्वारी. कधी नुसता निळा, काहीच नाही. दोन ओळी लिहायचे खाली, "आज फार दुखले", "आज भात कच्चा होता". दुखणं त्यानं कमी झालं असं खोटं मी सांगणार नाही. पण रंग घोटताना त्याच्याकडे लक्ष नसायचं, आणि तेवढा वेळ माझा असायचा.

रेघ

मग खालांनी मांजरपाटाचा एक मोठा तुकडा काढला. कुणाच्या तरी लुगड्याचा नमुना दाखवायला आणलेला असेल. तो माझ्या पायाखाली अंथरला आणि गेरूची काडी माझ्या हातात दिली. "पायाच्या कडंनं रेघ मार. मांडीपासनं टाचेपातुर."

मी वाकून रेघ मारली. पाय उचलला तेव्हा कापडावर विळा दिसला. तसाच वाकडा. मी बघत राहिले. तोवर मी माझा पाय फक्त वरून पाहिला होता.

"उद्या निळ्यानं मारू," खाला म्हणाल्या. "विळा उघडतो का बघू."

दुसऱ्या दिवशी निळी रेघ तांबडीवर पडली. तिसऱ्या दिवशी काळी तिथेच. मग मी कंपौंडरला दाबू द्यायला लागले, पदराचा बोळा न घालता, ओरडत ओरडत. त्याच्या हाताकडे न बघता टाचेच्या पलीकडे कापडावर जी मोकळी जागा होती तिकडे बघायचे. तिथे पोचायचं, एवढंच डोक्यात. पिवळी रेघ केसभर सरकली. मी कंपौंडरला दाखवली. तो म्हणाला, "बाई, तुमची काडी जाड असेल." तरी मी दिवसभर तीच बघत होते.

आणि मग पुन्हा ताप आला. गुडघ्याच्या मागे गाठ वर आली, पाय आणखी आक्रसला, आणि त्या दिवशीची रेघ पहिल्या तांबड्या रेघेच्याही आत पडली. सगळे दिवस वाया. साहेब आले, बोटानं दाबून बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

नेमक्या त्याच दुपारी ह्यांच्या चुलतीबाई बीडच्या बाजाराला आल्या होत्या त्या भेटायला आल्या. खाटेजवळ उभं राहून त्यांनी पाय पाहिला, कापड पाहिलं.

"हे काय चितारून ठिवलंय?"

"पाय आहे, चुलतीबाई."

"खरा सरळ व्हईना आन् खोटा काढती व्हय?" त्या खालांकडे वळल्या. माझ्यासमोरच म्हणाल्या, "पोरगं तरणं हाय. घरात करनारं कोन न्हाई. आमाला दुसरी बघावी लागंल."

खाला त्यांना म्हणाल्या, "बाई, बाजार उठंल. वांगी बघा जाऊन." त्या गेल्या.

मी काडी फेकली. पणत्या लाथ मारून पाडल्या असत्या, पण लाथ मारता येत नव्हती. त्याचंच मला जास्त रडू आलं. मी खालांचा हात धरला आणि म्हणाले, "मला गंगेत टाका. गाडी करा आणि गंगेत नेऊन टाका. मी कुणाला काही सांगणार नाही." मी ते मनापासून म्हणाले होते.

खालांनी हात सोडवून घेतला नाही. खाटेच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "बेटी, गंगेत आता पानी कुटं हाय? वाळूच वाळू. तुला बुडवायला मला झिरा खोदावा लागंल. माझी कंबर हाय का तशी?"

मी रडता रडता थांबले. मग त्या म्हणाल्या, "मेरी दो औलादें गयीं. त्यांच्यासाठी खोदलं ते खोदलं. आता कुनासाठी खोदनार न्हाई मी." आणि उठून खाटेखाली घरंगळलेली काडी शोधून आणली.

त्या दिवसाचं पान कोरं आहे. खाली फक्त लिहिलं आहे, "खाला बसल्या."

दुसरी चीर

दुसऱ्या सकाळी साहेबांनी गुडघ्याच्या मागे चीर दिली. मला काहीतरी हुंगायला दिलं, पुढचं समजलं नाही. शुद्धीवर आले तर कंपौंडर बशी घेऊन उभा. बशीत तुटलेल्या नारूचा उरलेला तुकडा, काळपट, मेलेला. सगळं दुखणं तोच आत धरून बसला होता. साहेब थकलेले दिसत होते. खालांना म्हणाले, "अब देखो." खालांनी त्यांना एवढी दुवा दिली की ते लाजून निघून गेले.

ताप उतरला. मी पुन्हा कापड मागितलं. रेघ नागमोडी आली. पण ती पहिल्या तांबड्या रेघेच्या बाहेर होती.

त्यानंतर रेघा सरकत गेल्या. कधी रुसल्या, दोन-दोन दिवस हलल्या नाहीत. दाबताना दुखणं तेच, ओरडणं तेच. पण आता विळा उघडत होता, आणि तो उघडताना मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. पलीकडच्या खाटेवरची बाई रोज विचारायची, "आज कुटपातुर?" कापड पिवळं, निळं, तांबडं झालं, आणि एके दिवशी टाच कापडाच्या बाहेर खाटेला टेकली.

पडदा बाजूला झाला तर हे उभे. सुगीनं रापलेले, पागोट्यावर भुसा. बायकांच्या खोलीत पुरुषाला यायची बंदी, म्हणून दारातच थांबले. मी खाटेची कड धरून उभी राहिले. एक पाऊल टाकलं. दुसरं लंगडत. ह्यांनी आपलं पागोटं काढलं आणि त्याच्यानंच तोंड पुसलं. मग म्हणाले, "बैलाला पानी दाखवून येतो," आणि घाईनं निघून गेले. बैल गाडीच्या सावलीत पाणी पिऊन बसले होते ते मला खिडकीतून दिसत होतं.

घरी

पाय पूर्ण सरळ झालेला नाही. टाच टेकते, पण लांबून बघणाऱ्याला चाल कळते. सकाळी उठल्यावर मी आधी पाय लांब करून बघते, रात्रीत आखडला तर नाही ना. ही भीती जाईल असं वाटत नाही. दुसरी बघण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. निदान माझ्यासमोर नाही.

घरी आले त्या दिवशी आत्याबाई माझ्या पायाला तेल लावायला बसल्या आणि एकदम रडायला लागल्या. "मीच उशी दिली गं. माज्याच हातानं दिली." मी म्हणाले, "आत्याबाई, घरात एकच उशी होती, ती तुम्ही मला दिलीत." ते मी त्यांची समजूत काढायला म्हणाले नाही. खरं तेच आहे.

तेव्हा बायांनो, नारू झाला तर पाय बांधून वाकडा ठेवू नका. आणि बारवेचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, साहेबांनी निघताना हेच दोनदा सांगितलं. जी भिंतीकडे तोंड करून पडली आहे तिच्या हातात एक काडी आणि पणतीभर गेरू द्या. तिला येत नाही म्हणेल. येत नसू दे.

आता खालांचं. बाजारात विलायती पुडीचे रंग आले आहेत, लुगडी आता कुणी त्यांच्याकडे फारशी देत नाही. डोळ्यांतून पाणी गळतं, नीळ आणि काजळी वासावरून ओळखतात. त्यांना विचारणारं कुणी नाही. माझ्यासाठी त्या फरशीवर निजल्या आणि मी त्यांना साधं "दमलात का" म्हणूनही विचारलं नाही. मी परवा आत्याबाईंजवळ खालांना आपल्याकडे आणायचा विषय भीत भीत काढला. त्या जात्यावरून मान वर न करता म्हणाल्या, "इचारायचं काय त्यात? वसरी लई मोठी हाय. तिची चूल तिथं मांडू."

खाला, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे शेवटचं मी स्वतः येऊन सांगणार आहे. तुमचे हात चालेनासे झाले, डोळे पुरते गेले, की तुम्ही कुणाच्या दारात जायचं नाही. मी तुम्हाला न्यायला येईन. तुमचं आजारपण मी काढीन.